डोंगराकडे तोंड करून

रविवार, ५ नोव्हेंबर १९७२

आज मिस्सा संपल्यावर फादर अर्कांजेलोंनी मला मागच्या खोलीत बोलावलं आणि एक जाडजूड वही माझ्या हातात ठेवली. कोपरे उंदरांनी खाल्लेले, पाठीचं कातडं सुटलेलं. आपल्या चर्चची जुनी नोंदवही, सव्वादोनशे वर्षांपूर्वीची.

"निकोदेमोकाका, तुम्हाला लॅटिन येतं म्हणे."

"तिसरी पास गवंड्याला येईल तेवढं येतं," मी म्हटलं. "प्रार्थनेच्या पुस्तकात एका पानावर लॅटिन आणि समोरच्या पानावर आपली भाषा. चाळीस वर्षं इकडून तिकडे बघत बसलो, थोडं चिकटलं."

"माझ्यापेक्षा जास्त चिकटलंय. मला हे अक्षर लागत नाही, आणि तीन गावांच्या मिस्सा सांभाळून वेळही होत नाही." मग त्यांनी दार लोटून घेतलं. "तुमच्या घरचं दुखणं आहे म्हणून विचारायला संकोच वाटतो. पण आपली ती पाठमोरी मिरवणूक. बारा फेब्रुवारीला अख्खं गाव देवमातेची मूर्ती घेऊन इथून निघतं आणि थेट समुद्रातल्या त्या जिभेच्या खडकापर्यंत उलटं चालत जातं, तोंड डोंगराकडे करून. कशासाठी? चार वर्षं विचारतोय, कोणाला सांगता येत नाही. गेल्या वर्षी फोर्तुनाताकाकू पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. उद्या कोणाचं डोकं फुटेल. या वहीत कारण सापडलं तर ठेवू. नाहीतर यंदापासून माणसांसारखं सरळ चालू."

मला त्यांचं पटलं. फोर्तुनाता, माझी बायको, खुब्याने अधू झाल्यापासून पलंग ते खिडकी एवढंच तिचं जग झालंय, तेही खुर्ची पुढे ढकलत.

घरी येऊन तिला सांगितलं तर ती माझ्याच अंगावर आली. "पडले मी आणि बंद करणारे तुम्ही? मला विचारलं कोणी? माझ्या आजीला नव्वदाव्या वर्षी खुर्चीत बसवून नेलं होतं. त्या दिवशी घरात कोणी राहायचं नसतं."

"पण का राहायचं नसतं?"

"ते तू शोध. वही तुला दिलीय, मला नाही."

म्हणून ही दुसरी वही आणली. जुन्या वहीत जे वाचेन ते हिच्यात उतरवायचं. घरच्याही चार ओळी लिहीन, हात चालू राहील.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

दहा दिवसांत सहा पानं. पण काय पानं!

लिहिणारे फादर फेरान्ते, तेव्हाचे इथले पाद्री. नामकरणं आणि मरणं लिहिता लिहिता मध्येच लिहितात की आज वारा आफ्रिकेकडून आला आणि कपड्यांवर तांबडी धूळ बसली. किंवा अमक्याच्या जाळ्यात माणसाएवढा मासा सापडला, त्याला कोणी नाव देऊ शकलं नाही. हे सगळं माझ्या पायाखाली घडलंय. मी रोज ज्या पायरीवर थुंकी टाकत गेलो त्या पायरीवर हा माणूस वारा हुंगत उभा होता.

आज एक गोष्ट झाली. पान उलटलं तर काहीतरी सर्रकन तळहातावर सांडलं. वाळू. शाई सुकावी म्हणून त्या काळी ओल्या अक्षरावर वाळू टाकायचे, तीच. आपल्याच खाडीची, काळी, मध्येच एखादा कण काचेसारखा चमकणारी. १७४३ सालची मूठभर वाळू माझ्या हातावर पडली आणि मी कितीतरी वेळ हात तसाच धरून बसलो. झटकवेना. शेवटी चिमटीने उचलून पानात परत ठेवली.

पुढचं दार अडकतंय. पाऊस नाही, दमट हवा नाही, तरी चौकटीत घट्ट बसतं. कोसिमो मेस्त्रीला बोलावलं पाहिजे.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

कोसिमो आला, रंधा मारला, दार लागलं. जाताना म्हणाला, "वरच्या आळीत हे सातवं दार. देवाने या वर्षी माझं बरं करायचं ठरवलंय."

"लाकूडच तू ओलं वापरलंस."

"तीस वर्षांपूर्वी बसवलेलं दार, लेका! ओलं तुझं डोकं."

दुपारी वर महाळुंगांच्या बागेत गेलो. उतारावरच्या तिसऱ्या पायरीचा बांध फुगलाय, भरल्या दिवसांच्या बाईसारखा. हा मीच बांधलेला. म्हणजे मूळचे गडगे आजोबा-पणजोबांचे, नुसता दगडावर दगड. अठ्ठावन्न साली सिमेंट आलं तेव्हा डोंगरावरच्या सगळ्या गडग्यांच्या फटी मी बुजवल्या. दोन वर्षं काम चाललं. नगराध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. फक्त बाबा खाली उभे राहून म्हणाले होते, "निको, पाणी कुठून जाईल?" मी म्हटलं, "बाबा, तुमचा काळ गेला."

आज भेगेत सिमेंट भरलं. भरताना मागच्या निळ्या मातीतून एक शिंपला निघाला. अख्खा, कडांवर नक्षी शाबूत. समुद्रापासून दोनशे हात उंचीवर! कोणी खाऊन टाकलेला नव्हे, मातीच्या पोटातला. याचा अर्थ हा डोंगर कधीतरी समुद्राचा तळ होता आणि उठून वर आला. मी तिथेच बसलो. महाळुंगांचा वास, खाली चर्चचा घुमट, त्याच्या पलीकडे काळ्या खडकाची जीभ पाण्यात शिरलेली. ती जीभ तेवढी वेगळी, तिच्यात एक शिंपला सापडायचा नाही. आयुष्यभर दगड फोडला, आणि कोणत्या दगडावर उभा आहे हे सत्तरी उलटल्यावर कळतंय.

शिंपला खिडकीत ठेवलाय. फोर्तुनाता म्हणते, "आता घरात कचरा पण ऐतिहासिक."

शनिवार, ९ डिसेंबर

आज १७४३चा नोव्हेंबर लागला. फादर फेरान्ते लिहितात: पाऊस नसताना वरच्या आळीतली दारं फुगली, सुताराला फुरसत नाही.

मी एवढा हसलो की फोर्तुनाता दचकली. संध्याकाळी चौकात कोसिमोला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बघ, तो माझा पणजोबाच असणार. तेव्हाही चांगला धंदा करायचा." मग म्हणाला, "तुझं दार परत अडकलं की सांग, तुझ्याकडे कॉफी बरी मिळते."

अडकलंच आहे.

गुरुवार, २८ डिसेंबर

नाताळ पार पडला. फोर्तुनाताने खुर्चीत बसून अंजिरं भरली, मी तळण केलं, अर्धं जाळलं.

चर्चमध्ये मधला दिवा कोणीतरी दुसरीकडे टांगलाय. पूर्वी दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये असायचा, आता समुद्राकडच्या खांबाच्या जवळ आलाय. गवंड्याचा डोळा, लगेच कळतं. फादर अर्कांजेलोंना म्हटलं तर ते म्हणाले, "मी हात लावला नाही." मग दिवाबत्ती करणाऱ्याने केलं असेल.

चौकातल्या झऱ्याला गढूळ पाणी येतंय. गढूळ तरी कसं, पांढुरकं, तांदूळ धुतल्यासारखं. फोर्तुनाता फडक्यातून गाळून घेते. फडक्यावर निळसर साय धरते.

गुरुवार, ११ जानेवारी १९७३

नऊ दिवस सलग पाऊस. असा मी पाहिलेला नाही.

वही पुढे सरकत नाही. फेब्रुवारी १७४४च्या तोंडाशी अक्षर अचानक बदललंय. तेच फादर फेरान्ते, पण ओळी वाकड्या आणि शाई जागोजागी फुटलेली, जणू गुडघ्यावर ठेवून लिहिलंय. दिवसाला दोन ओळी लागतात.

फादर अर्कांजेलो छत्री मिटत आले. "काका, महिना राहिला. कारण?"

"अजून नाही."

"मग यंदा सरळच चालू. मी रविवारी जाहीर करतो."

फोर्तुनाता खिडकीजवळून बोलली, "जाहीर करा, पण माझं नाव मध्ये घालू नका. मी पडले ते माझ्या नव्या बुटांमुळे." ती टेबलावर चणे निवडत होती. चणे सगळे घरंगळत समुद्राच्या बाजूला जात होते आणि ती हाताने परत ओढत होती. "हे टेबल पण म्हातारं झालं," म्हणाली. फादर अर्कांजेलोंनी हसून दोन चणे पकडून दिले.

शुक्रवार, १९ जानेवारी

रात्र झालीय, तरी लिहितो. सगळं कागदावर उतरल्याशिवाय झोप लागणार नाही.

पाऊस काल थांबला. सकाळी पाणी आणायला गेलो तर झरा बंद. दगडी तोंडातून एक थेंब नाही. माझ्या जन्मात तो कधी थांबलेला नाही, लढाईच्या काळातही नाही. चौकात बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या, आणि काय शांतता. कळलं की आपण सगळे आयुष्यभर त्या पाण्याच्या आवाजावर आवाज चढवूनच बोलत होतो.

घरी आलो, वही उघडली आणि दुपारी ते पान लागलं. जसंच्या तसं उतरवतो:

"झऱ्याला तीन आठवडे दूध आलं. लेकुरवाळ्या बायकांनी चमत्कार म्हणून प्यायलं. आज झरा मुका झाला. चर्चचा दिवा खांबाला टेकला. मी घंटा वाजवली आणि सर्वांना जिभेवर न्यायला निघालो, कारण ती एकटी जुन्या खडकाची आहे. डोंगराकडे तोंड करून चाला, असं मी सांगितलं, म्हणजे दगड सुटताना जो पहिला पाहील तो ओरडेल. आजारी माणसांना खुर्च्यांत उचललं. कोणाला घरात ठेवलं नाही. आम्ही खडकावर उभे असताना वरचं गाव समुद्रात गेलं. मी नवस बोलतो की दर वर्षी याच दिवशी आम्ही असेच चालू. माझं अक्षर पुसेल. पायांवर माझा जास्त भरवसा आहे."

मी वही मिटली आणि माझीच ही वही उघडली. दार. सात दारं. फुगलेला बांध. दिवा. गाळलेलं पाणी. चणे. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं, तारखांसकट. दोनशे वर्षांपूर्वीचं अक्षर लावण्यात मी इतका गुंग होतो की स्वतःचं वाचलं नाही.

आधी नगराध्यक्ष ताल्लारिकोंकडे गेलो. ते म्हणाले, "निकोदेमो, झऱ्याला पाणी नाही म्हणून तीनशे माणसं घराबाहेर काढू? जिल्ह्याला पत्र टाकतो."

कोसिमो तिथेच होता. "वरच्या आळीतली दारं मी नीट केली आहेत," म्हणाला. "डोंगर पडायचा असता तर आधी मला कळलं असतं." पण म्हणताना तो हसला नाही.

मग चर्च. अंधार पडायच्या आत फादर अर्कांजेलोंना ते पान दाखवलं. त्यांनी एकदा वाचलं, उठले, ओळंब्याची दोरी मागितली. माझ्या खिशात असतेच. आम्ही दोघांनी खांबाला ओळंबा लावला. वीतभर फरक. दिवा कोणी हलवला नव्हता. दिवा तेवढा सरळ होता.

ते खाली बाकावर बसले. ओळंब्याची दोरी बोटांभोवती गुंडाळली. मग म्हणाले, "काका, माझं कोणी ऐकणार नाही. चार वर्षांचा उपरा मी. तुमचंही ऐकणार नाहीत. पण देवमातेची मूर्ती बाहेर निघाली तर या गावात घरात कोण राहील?"

"कोणी नाही."

"उद्या सकाळी घंटा वाजवतो."

मी म्हटलं, "आणि काही झालं नाही तर?"

"तर मी येडा पाद्री ठरेन. ठरू द्या."

सोमवार, २२ जानेवारी

स्टेशनच्या गावातली शाळा. आम्ही सगळे इथे आहोत. सगळे. तीनशे बारा. तीनदा मोजले.

शनिवारचं सांगतो.

सकाळी आठला घंटा. लोक रस्त्यावर आले. "आज कशी काय मिरवणूक? तारीख विसरले का पाद्री?" पण मूर्ती दारात दिसल्यावर बायका घरात पळाल्या त्या शाली आणायला. कोणी चुलीवरचं आधण उतरवलं, कोणी आजोबांना खुर्चीत बसवलं. ताल्लारिको रागाने लाल, पण कमरेला नगराध्यक्षाचा पट्टा बांधून मूर्तीच्या बाजूला हजर. मूर्ती निघते आणि नगराध्यक्ष घरी, असं या गावात होऊ शकत नाही.

फोर्तुनाता दारातच अडून बसली. "दार लागत नाही," म्हणाली. "उघडं टाकून कशी येऊ?"

"राहू दे."

"चणे भिजत घातलेत."

कोसिमो आणि त्याच्या भावाने तिला खुर्चीसकट उचललं. तो म्हणाला, "वहिनी, दार मी संध्याकाळी येऊन नीट करतो. चौथ्यांदा. आता गप्प बसा, वजन कमी नाही तुमचं."

मी नोंदवही आणि ही माझी वही कोटाच्या आत घातली आणि चालू लागलो. उलटे, पाऊल मागे, तोंड डोंगराकडे. फादर अर्कांजेलो सगळ्यांत पुढे, म्हणजे सगळ्यांत मागे, तेही उलटे. दोनदा धडपडले.

नऊ वाजता आम्ही जिभेवर होतो. वहीतली गोष्ट तोवर सगळ्यांच्या कानावर गेली होती. दहा वाजले. अकरा. समुद्र गुळगुळीत. डोंगरावर ऊन पडलेलं, महाळुंगं पिवळी चमकत होती. बारा वाजता लोकांची भूक बोलायला लागली.

"काय रे निको," कोणीतरी म्हणालं, "डोंगर तुझी परवानगी मागतोय का?"

"त्याच्या वहीत वेळ लिहिली नाही वाटतं."

ताल्लारिको म्हणाले, "पुरे. एक वाजता मी घरी जाणार." पण मूर्ती उचलल्याशिवाय कोणी हलेना, आणि फादर अर्कांजेलो मूर्ती उचलू देईनात. मूर्तीच्या पायाशी बसून राहिले, डोळे मिटून. मी मनातून डोंगराची माफी मागत होतो आणि, खरं सांगतो, त्याला पडही म्हणत होतो. केवळ माझं तोंड काळं होऊ नये म्हणून. ती एक घटका मी विसरणार नाही.

एक वाजायला आला असेल. फोर्तुनाता सगळ्यांपेक्षा उंच होती, खुर्ची खडकाच्या चबुतऱ्यावर ठेवलेली. ती हळूच म्हणाली,

"निको. झाडं चालताहेत."

आणि मग, प्रथा आहे तशी, ती ओरडली.

तिसऱ्या पायरीची महाळुंगाची रांग खाली येत होती. उभीच्या उभी, फळांसकट, पानं हलतसुद्धा नव्हती. रांगेमागून रांग. आवाज नाही. एखादा समुदाय देवळात शिरावा तशी ती शांतपणे आली. मग सिमेंटचे बांध माझ्या डोळ्यांदेखत कागदासारखे फाटले आणि मागून निळी माती बाहेर पडली, आणि तेव्हा कुठे आवाज पोचला. आवाज कानांना नाही, पायांना आला. वरची आळी उभी राहिल्यासारखी झाली, छपरं एकमेकांकडे वाकली, आणि खाली बसली. चर्चची घंटा एकदा आपोआप वाजली. सगळं आमच्या उजव्या अंगाने समुद्रात शिरलं. पाणी मागे हटलं, मग उठलं, जिभेच्या टोकावरून गेलं. आमच्या खालचा खडक हलला नाही. तसूभर नाही.

कोणी रडलं नाही तेव्हा. तीनशे माणसं तोंड उघडं टाकून बघत होती. धूळ खाली बसली तर डोंगराच्या जागी मोकळं आकाश होतं, कधी न पाहिलेलं. ताल्लारिकोंनी टोपी काढली. मी पण काढली. भीती वाटायला हवी होती. पण मला वाटलं की एवढं मोठं कोणीतरी समोरून गेलं आणि आम्हाला बाजूला उभं राहायला जागा देऊन गेलं.

फोर्तुनाताने माझी बाही ओढली. "दार उघडंच राहिलं," म्हणाली.

मग ती रडली, आणि मी पण.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

भूगर्भ खात्याचे एक तरुण साहेब आले. त्यांना सिमेंटचं विचारलं. मी बुजवलेल्या फटींमुळे झालं का? ते म्हणाले, घसरण फार खोलची, बांधांचा त्यात वाटा असला तर थोडा. "थोडा" म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

कोसिमो म्हणाला, "तुझ्या सिमेंटने डोंगर पडला म्हणणं म्हणजे माझ्या शिंकेने वादळ आलं म्हणणं. एवढा मोठा नाहीस तू."

बरं वाटलं. तरी बाबा डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पाणी कुठून जाईल, निको?

सोमवार, १२ फेब्रुवारी

आज मिरवणुकीचा खरा दिवस. शाळेच्या पटांगणात निघालो. इथून आपला डोंगर दिसतो, लांब, अर्धा उरलेला. तिकडे तोंड करून फळ्यापासून फाटकापर्यंत उलटे. शाळेतली पोरं खिडक्यांतून हसत होती. फादर अर्कांजेलो न धडपडता चालले. फोर्तुनाताने खुर्ची नाकारली. दहा पावलं माझ्या खांद्याला धरून चालली. अकराव्याला म्हणाली, "बस. उरलेली पुढच्या वर्षी."

दुपारी फादर अर्कांजेलोंनी नोंदवही माझ्यापुढे ठेवली आणि शाळेतली दौत-टाक आणून दिली. फादर फेरान्तेंच्या पानाच्या खाली अर्धं पान कोरं होतं. "तुमचंच अक्षर पाहिजे तिथे," म्हणाले. माझं लॅटिन पुरेना, म्हणून आपल्याच भाषेत लिहिलं.

दारं लिहिली, दिवा लिहिला, झरा लिहिला. झरा थांबायची वाट बघू नका, दारं अडकली की निघा, असं लिहिलं. मिरवणूक बंद करायला आम्ही निघालो होतो हेही लिहिलं. फादर अर्कांजेलो खांद्यावरून बघत होते, त्यांनी मान डोलावली. शेवटी लिहिलं: अठ्ठावन्न साली या डोंगराच्या गडग्यांच्या फटी मी बुजवल्या. जो पुन्हा बांधेल त्याने पाण्याला वाट ठेवावी. निकोदेमो, गवंडी.

शाई ओली होती आणि टिपकागद नव्हता. मी बूट काढला. जिभेवर पाणी चढलं होतं तेव्हाची वाळू अजून आत होती, काळी, मध्येच चमकणारी. तळहातावर घेतली आणि अक्षरांवर हळूच सोडली. झटकली नाही. कधीतरी कोणीतरी हे पान उलटेल, तेव्हा त्याच्या हातावर पडेल.